ज्याला कावीळ झालीच नाही

रविवारी आणि बुधवारी हौसाक्काच्या अंगणात पिवळी माणसं येत. डोळे पिवळे, नखं पिवळी, नाकावर माशी बसली तर हाकलायची ताकद नाही, अशी. उपाशीपोटी यायचं, उजाडायच्या आत यायचं. दुनिया कुठल्या कुठं गेली होती. हिवरतळ्याच्या रस्त्यानं विनाड्रायव्हरची गाडी दूध गोळा करत फिरायची, पाण्याच्या टाकीवर पाणी चाखून बघणारं यंत्र बसलं होतं. पण कावीळ झाली की माणूस यंत्राला विचारायचा नाही, हौसाक्काला विचारायचा.

आक्काची शाळा दुसरीपर्यंत, त्यातली अर्धी शेळ्यांमागं गेलेली. पण हाताला गुण. घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नव्याच्या, काड्या बोटबोटभर तोडायच्या, कच्च्या सुतात सैल गाठींनी ओवायच्या आणि कडं करून डोक्यावर ठेवायचं. दिवस जातील तशी माळ वाढत जाते. कपाळावरून गळ्यात उतरते, गळ्यातून छातीवर येते, बेंबीला टेकली की कावीळ उतरली. तोवर तेल बंद, हळद बंद, तिखट बंद. पैसा घ्यायचा नाही, घेतला की गुण जातो, हे सासूनं सांगितलेलं आक्कानं चाळीस वर्षं पाळलं. मान मात्र ती पुरेपूर वसूल करायची. सरपंचसुद्धा तिच्या ओट्यावर चपला काढून बसायचा.

घरात तिघं. आक्का, मुलगा जयदीप आणि सून वृषाली. नात साताऱ्याला शिकायला. जयदीप चव्वेचाळीस वर्षांचा, पाठ अशी की पोतं ठेवलं तर पोत्याला टोचावी. आयुष्यात एकदा आजारी पडला नाही. वृषाली माणदेशातली. लग्नाला आठ महिने झाले आणि ती हळदीसारखी पिवळी झाली. आक्कानंच माळ घातली, अकराव्या दिवशी बेंबीला टेकली, पोरगी उठून कामाला लागली. पण त्यानंतर एकवीस वर्षं आक्का येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगत आली, की आमच्या घरात कधी कावीळ नव्हती, सुनेनं ती माहेराहून आंदण आणली. वृषाली उत्तर द्यायची नाही. न बोलणाऱ्या माणसाच्या पोटात किती साठतं हे आक्काला ठाऊक नव्हतं. तिच्या स्वतःच्या पोटात काही साठायचंच नाही, सगळं तोंडावाटे बाहेर.

संक्रांत झाली आणि शाळेत सरकारी शिबिर लागलं. डॉक्टर निलोफर मुजावर, तिशीतली, बोलायला गोड आणि ऐकायला त्याहून गोड. बरोबर मसाल्याच्या डब्याएवढं यंत्र. बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यायचा आणि डब्यात सोडायचा. डॉक्टरीणबाईनं बायकांना सांगितलं ते असं, की यकृतातल्या पेशी रोज थोड्याथोड्या मरतात आणि त्यांच्या चिंध्या रक्तात वाहत येतात. हे यंत्र त्या चिंध्या गोळा करून वाचतं. तुमच्या यकृतात कधी कुठला विषाणू राहून गेला, अजून राहतोय का, कोणत्या वर्षी शिरला, सगळं त्यात सापडतं. एखादी पेशी बिघडून गाठ व्हायच्या वाटेवर असेल, तर फोटोत दिसायच्या आधी इथं कळतं. आणि विषाणू एका माणसातून दुसऱ्यात जाताना स्वतःची नक्कल करतो, नकलेत बारीक चुका राहतात. बापाचं नाक पोराला येतं तशा त्या चुका पुढच्याला येतात. त्यावरून तो कुणाकडून कुणाकडे गेला हेही सांगता येतं.

आक्कानं हे ऐकलं आणि पदर खोचला. माझ्या हाताखालून गेलेली माणसं पाठवते, म्हणाली, बघू दे तुझ्या डब्याला. चार दिवसांत त्रेचाळीस माणसं शाळेपुढं उभी राहिली. आक्का स्वतः खुर्ची टाकून बसली, लग्नात वरमाई बसते तशी.

निकाल लागला. त्रेचाळीसातल्या एकोणचाळीस जणांच्या यकृतात आता काही नव्हतं. वृषालीसुद्धा साफ. आक्कानं सगळ्या गावाकडं बघून घेतलं. पण मग डॉक्टरीणबाई समजावून सांगायला लागली, कावीळ एक नसते म्हणून. विषाणू पाच. ए आणि ई घाण पाण्यातून येतात, धिंगाणा घालतात आणि बहुतेक वेळा आपले आपण निघून जातात. कॅन्सर ते करत नाहीत. बी, सी आणि डी रक्तातून येतात, आणि ते मुक्काम ठोकू शकतात.

आक्काला उपमा दिल्याशिवाय काही पचायचं नाही. ती म्हणाली, म्हणजे ए आणि ई जत्रेचे पाहुणे. जेवले, उलट्या केल्या, गेले.

डॉक्टरीणबाई हसली. म्हणाली, बरोबर. आणि सी म्हणजे वाईट भाडेकरू. वर्षानुवर्षं घरात चूल पेटवून भिंती काळ्या करतो. त्याला गोळ्यांनी तीन महिन्यांत बाहेर काढता येतं, पण भिंती भाजून कडक झालेल्या असल्या तर तिथं पुढंही गाठ येऊ शकते. उरलेल्या चौघांतल्या म्हाताऱ्या केरबातात्यांचं तेच झालं होतं. अपघातात रक्त चढवलं त्यातून सी आला, गोळ्यांनी गेला, पण यकृत दगडी झालेलं. म्हणून त्यांना दर सहा महिन्यांनी तपासायचं.

"आणि बी?" आक्कानं विचारलं.

"बी भाडं देत नाही की मागत नाही, आक्का. तो तुमच्या सातबाऱ्यावर स्वतःचं नाव लिहितो. पेशीच्या मूळ कागदातच घुसतो. त्यामुळं भिंती धड असल्या तरी गाठ येऊ शकते. डी एकटा येत नाही, बीच्या खांद्यावर बसून येतो. दोघं मिळाले की घर लवकर पडतं."

मग तिनं खरी गोष्ट काढली. ज्यांना कधी कावीळ झालीच नाही, त्यांचं रक्त मला जास्त हवंय, म्हणाली. शाळेच्या ओट्यावर बसलेल्या गड्यांनी आक्काकडं बघितलं. आक्का म्हणाली, ज्याच्या घरात चोर शिरलाच नाही त्यानं पोलीस कशाला बोलवायचे. गडी हसले, टोप्या झटकल्या आणि गेले. सुई टोचून घ्यायला नको म्हणणारा माणूस कारणच शोधत असतो, आणि आक्कानं ते आयतं हातात दिलं होतं.

वृषाली मात्र तिथंच उभी राहिली. तिच्या कागदावर लिहिलं होतं, बी, एकवीस वर्षांपूर्वी शिरला, शरीरानं लढून घालवला, उरल्यात फक्त खुणा. तिनं डॉक्टरीणबाईला हळूच सांगितलं, की माझ्या माहेरी दिवाळीतच हे शिबिर झालं. भाऊ, आई, चुलते, कुणाच्यात बी निघाला नाही. मग माझ्यात कुठून आला?

डॉक्टरीणबाईनं उलट विचारलं, नवरा तपासलाय का? वृषालीनं संध्याकाळी नवऱ्याला हाताला धरून आणलं. जयदीप हसत हसत बोट पुढं करून गेला, दुसऱ्या दिवशी बोलावल्यावर पोटाचा फोटोही काढून आला.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई घरी आली. चहा नको म्हणाली. पाहुण्यानं चहा नको म्हटला की आक्का सावध व्हायची, कारण चांगली बातमी आणणारा माणूस चहा सोडत नाही. तिनं आधी आक्काचा थेंब मागितला. आक्कानं बोट पुढं केलं. डबा अर्धा तास घुमत राहिला. मग डॉक्टरीणबाईनं तिघांना पुढ्यात बसवलं.

जयदीपमध्ये बी आहे, जन्मल्या दिवसापासून आहे. यकृताच्या उजव्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ आहे. आक्कांमध्येही बी आहे, सहासष्ट वर्षं, म्हणजे त्यांच्या जन्मापासून. आईकडून आला असणार. आक्कांकडून बाळंतपणात जयदीपकडे गेला, जयदीपकडून लग्नानंतर वृषालीकडे.

बाहेर कोंबडी खरकटं उकरत होती.

आक्का म्हणाली, पण ह्याला कावीळ कधी झालीच नाही.

"म्हणूनच," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पिवळेपणा हा लढाईचा धुरळा असतो, आक्का. तान्ह्या बाळाच्या शरीराला शत्रू कळत नाही, ते त्याला घरचाच समजतं. लढाई नाही, धुरळा नाही. वृषाली मोठी होती, तिचं शरीर लढलं, पिवळं पडलं आणि जिंकलं. तुम्ही आणि जयदीप न लढता त्याला सांभाळत बसलात."

नातीचं काय? वृषालीनं विचारलं. नात साताऱ्यालाच शिबिरात तपासली होती, कोरी होती. जन्मल्या दिवशीच दवाखान्यात लस टोचलेली.

उपाय होता. कराडच्या मोठ्या दवाखान्यात बरगड्यांच्या मधून सुई घालून गाठ आतल्या आत जाळायची. मग कातर. कातर म्हणजे सलाईनमधून सोडायचं औषध. चरबीच्या बारीक थेंबांत गुंडाळलेली रेणूंची कात्री यकृताच्या पेशीत जाते आणि विषाणूचं जे गोल कडं वर्षानुवर्षं तिथं दडून असतं ते कापून टाकते. पूर्वी गोळ्यांनी विषाणू गप्प बसायचा, जायचा नाही. आता जातो. पण गाठ एका शिरेच्या शेजारी आहे. महिनाभरात जाळली तर जाळली. शिरेत उतरली तर ना सुई चालेल ना कातर.

जयदीप उठला आणि म्हणाला, चार भाकरी खातो, मला काय झालंय. यंत्र चुकलं असेल. वृषालीनं समजावलं, नातीनं फोनवर रडून सांगितलं, केरबातात्या काठी टेकत येऊन गेले. गडी ऐकेना. एक आठवडा गेला. आक्का रोज त्याच्यासमोर जाऊन बसायची आणि उठून काड्या तोडायला लागायची. तिच्या आईचं पोट पाण्यानं फुगून ती गेली होती, आणि गावानं भानामती म्हटलं होतं. तिला रोज तेच पोट दिसायचं, पण त्याच्यावर तोंड जयदीपचं असायचं.

दुसऱ्या बुधवारी अंगणात सात जण बसले होते, लमाणवाडीची एक बाई, पाटणचे बापलेक, असे. आक्का काड्यांची पाटी घेऊन बाहेर आली आणि थबकली. रांगेच्या शेवटी जयदीप बसला होता. आंघोळ केलेली, उपाशी, गुडघे जवळ घेऊन. एवढा दांडगा गडी, पण बसला होता शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरासारखा.

"आई, मला माळ घाल," तो म्हणाला. "सगळ्या दुनियेला बरं केलंस. मला सुई नको. मला भ्या वाटतंय."

पाटणचा बाप कौतुकानं म्हणाला, पोटच्या पोराचासुद्धा एवढा विश्वास, धन्य आक्का.

आक्काच्या हातात सूत होतं. एक कडं ओवायला किती वेळ लागतो? जयदीपच्या डोक्यावर ठेवलं असतं तर माळ बेंबीला टेकेपर्यंत तो शांत बसला असता, मग बरा झालो म्हणून कराडला गेलाच नसता, आणि महिना संपला असता. तिनं पाटी खाली ठेवली.

मग ती जे बोलली ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी एका माणसासाठी माळ ओवली, तो आलाच नाही. तिनं ती खुंटीवर टांगली. अकरा दिवसांनी बघते तर खुंटीवर माळ हातभर लांब झालेली. खुंटीला काय कावीळ होती? काड्या वाळतात, बारीक होतात, सैल गाठी सुटतात, सूत लांबतं. एवढंच. तिनं ती माळ चुलीत घातली आणि गप्प बसली, कारण पिवळी माणसं बरी होत होती आणि मान मिळत होता. बरी होत होती ती विषाणू पाहुणे होते म्हणून, पाहुणे आपले आपण जात होते. जे बरे झाले नाहीत त्यांना तिनं पथ्य मोडलंस म्हणून शिव्या घातल्या.

लमाणवाडीच्या बाईनं डोक्यावरचा पदर सावरला.

"माळ वाढली म्हणजे कावीळ उतरली असं नसतं, जयदीप. माझ्या माळेनं तू मरशील," आक्का म्हणाली. "आणि हे सगळ्यांनी ऐका. आमच्या घरात कावीळ सुनेनं आणली नाही. ती माझ्याकडनं ह्याला गेली आणि ह्याच्याकडनं तिला. ती एकटी लढून जिंकली आणि एकवीस वर्षं शिव्या तिनंच खाल्ल्या."

वृषाली दारात ताकाची रवी घेऊन उभी होती. तिनं ऐकलं आणि आत गेली. आत रवीचा आवाज पुन्हा सुरू झाला नाही.

जयदीप मातीत बोट फिरवत बसला. मग विचारलं, सुई लई लांब असती का? आक्का म्हणाली, बैल शिंग टोचतो तेव्हा ओरडत नाहीस, उठ. बाकीच्या सात जणांना तिनं सांगितलं, घरी जाऊ नका, शाळेकडं चला, मीच घेऊन जाते. ती पुढं, पिवळी माणसं मागं. वाटेत तेच गडी एका ओट्यावर बसलेले दिसले, त्यांनाही तिनं नावानिशी उठवलं. कुणाला कावीळ झाली नव्हती ते तिला पाठ होतं. त्यात आणखी तिघांमध्ये बी निघाला, गाठ एकालाही नव्हती. तिघांनी आक्काला जन्मभराचा दुवा दिला, आणि एकाच्या बायकोनं सरळ तोंडावर विचारलं, की आधी का नाही बोललात. आक्कानं ते ऐकून घेतलं.

कराडला गाठ जाळायला चाळीस मिनिटं लागली. पडद्यावर काळ्या रंगात एक पांढरी टाचणी पुढं सरकली, हरभरा उकळला आणि विझला. आक्का काचेबाहेरून बघत होती. सुई घालणारी डॉक्टरीणबाईच होती; ती बाहेर आल्यावर आक्कानं विचारलं, की आमच्याकडं कावीळ झाली की काही येडे दंडावर तापल्या तारेचा डाग देत, मी त्यांना जन्मभर शिव्या दिल्या, आणि तू करतेस ते काय? डॉक्टरीणबाई म्हणाली, डागणीच आहे, फक्त मी बरोबर जागेवर देते. आक्काला ते पटलं. जागा बरोबर पाहिजे हे तिला शिव्यांच्या बाबतीतही आता कळायला लागलं होतं.

मग कातर लागली, जयदीपला आणि आक्कालाही. महिन्यानं दोघांना परत बोलावलं. थेंब घेतला, डबा घुमला. आक्का त्या अर्ध्या तासात एकदाही कुणाला टाकून बोलली नाही, हीच तिची काळजी. डॉक्टरीणबाईनं कागद बघितला आणि चहा मागवला.

चहा मागवला, तिथंच आक्काला कळलं. तिनं भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

बिघडलेल्या पेशीची एकही चिंधी रक्तात नव्हती. विषाणूचं कडं कापलं गेलं होतं. सातबाऱ्यावर जिथं जिथं त्यानं नाव खरडलंय ते पुसलं जात नाही, त्यामुळं दर सहा महिन्यांनी जन्मभर यायचं. पण घर उभं आहे आणि घरात आता दुसरं कुणी नाही. जयदीप बाहेर जाऊन एकटाच रडला आणि मग कँटीनमध्ये तीन वडे खाऊन आला.

परतीला भाड्याची विनाड्रायव्हरची गाडी केली. जयदीप पुढं बसून पाटणच्या आधीच घोरायला लागला. मागं सासू आणि सून. वृषाली सासूला इकडच्या रीतीनं आत्या म्हणायची. कराडचा पूल ओलांडला आणि ती म्हणाली, "आत्या, आता मी बोलते. मधे बोलायचं नाही."

आणि ती बोलली. रागानं नाही, निवडणं निवडावं तशी एकेक गोष्ट बाजूला काढत. चुलत नणंदेच्या हळदीत तिला हळद लावू दिली नव्हती ते. तिचा पेला सहा महिने वेगळा ठेवला ते. बाळंतपणात पोरीला पाजू का नको म्हणून ती तीन दिवस रडली ते, आणि कुणी विचारलं नाही ते. आक्का ऐकत होती. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. चाळीस मिनिटांत पोराचं यकृत मोकळं झालं होतं, सुनेला त्याच्या दुप्पट वेळ लागला.

पाटणच्या पुढं, घाट लागायच्या आधी, वृषाली शेवटचं बोलली. तुम्ही आमच्या घरचं पाणी नासकं म्हणून निरोप धाडलात, म्हणाली. आमच्या अण्णांनी ते खरं धरलं. आमची विहीर चैतात पाणी धरायची, आख्ख्या वस्तीत तेवढी एकच. माझ्या पोरीला ह्या पाण्यानं पिवळी केली म्हणून त्यांनी ती दगडांनी बुजवली. माणदेशात, आत्या. आणि मग मरेपर्यंत टँकरच्या रांगेत उभे राहिले.

आक्कानं खिडकीबाहेर बघितलं.

"अण्णांना सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "तुझा भाऊ तिथंच राहतो का अजून?"

"राहतो."

आक्कानं पुढं वाकून गाडीला सांगितलं, माणकडं चल, दहिवडीच्या पुढं. गाडीनं आपल्या गोड आवाजात विचारलं, मार्ग बदलायचा का, अंतर तीन तासांचं. जयदीप दचकून उठला आणि म्हणाला, आई, आत्ता? उद्या जाऊ की.

"उद्याचं उद्या," आक्का म्हणाली. "विहिरीतले दगड काढायला माणसं लागतात, आणि माफी मागायला मी लागते. दोन्ही आत्ता आहेत."

गाडी वळली. वृषालीनं फोन काढला, भावाला लावला. तिकडून तो काहीतरी घाबरून विचारत होता, कारण तिचा फोन या वेळेला कधी यायचा नाही. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"सगळं चांगलं आहे रे," ती म्हणाली. "भात जास्त टाक. सासूबाई येतायत. नाही, भांडायला नाही."